साथीत बेघरांना हॉटेलात हलवायचं कसं: खोली मिळते, पुढचं काय?

एप्रिल २०२० मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी 'प्रोजेक्ट रूमकी' जाहीर केला. पर्यटक नसल्यामुळे ओस पडलेल्या हॉटेलांतल्या १५,००० खोल्या राज्यभरात भाड्याने घ्यायच्या आणि रस्त्यावर, तंबूत किंवा निवारा केंद्रात राहणाऱ्यांपैकी ज्यांना कोविडचा धोका जास्त, त्यांना तिथे हलवायचं, अशी योजना होती. एकट्या लॉस एंजेलिस काउंटीनेही (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) तेवढ्याच, म्हणजे १५,००० खोल्यांचा आकडा सांगितला. प्रत्यक्षात तिथली गाडी चार हजारांच्या थोडी पुढे जाऊन अडकली. रिकामी हॉटेलं तर शहरभर होती. अडलं ते मालकांशी वाटाघाटी करण्यात, आजूबाजूच्या नगरपालिकांच्या विरोधात, आणि चोवीस तास ती इमारत चालवायला लागणाऱ्या माणसांत.

म्हणून या लेखात खोल्या मिळवण्यापेक्षा बाकीच्या गोष्टींवर जास्त जागा खर्च केली आहे. दाखले मुख्यतः कॅलिफोर्निया आणि इंग्लंडचे आहेत, कारण हे काम सगळ्यात मोठ्या प्रमाणावर तिथे झालं आणि त्याच्या नोंदीही राहिल्या. पुढची साथ कुठली असेल ते माहीत नाही, पण महापालिकेत, निवारा केंद्रात किंवा संस्थेत काम करणाऱ्याला क्रम माहीत असलेला बरा.

आधी यादी, मग हॉटेल

निवारा केंद्रातल्या खाटा लांब लांब सरकवल्या, दारात थर्मामीटर लावला की झालं, असं पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच वाटतं. बॉस्टनच्या एका मोठ्या निवाऱ्यात एप्रिल २०२० च्या सुरुवातीला ४०८ जणांची सरसकट तपासणी झाली. १४७ जण पॉझिटिव्ह निघाले, आणि त्यांतल्या दर दहांपैकी जवळजवळ नऊ जणांना एकही लक्षण नव्हतं. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या एमएससी साउथ या निवाऱ्यात सत्तर जण बाधित सापडले, तेव्हा शहरात हॉटेलांवरून वाद चालूच होता. श्वासातून पसरणारा आजार असेल तर एका छताखालचा मोठा हॉल कितीही नीट मांडला तरी उपयोगाचा नाही. प्रत्येकाला स्वतःचं दार आणि स्वतःचं संडास-बाथरूम हवं. हॉटेलाचा मुद्दा इथूनच सुरू होतो.

खोल्या पहिल्या दिवशी सगळ्यांना पुरत नाहीत. तेव्हा यादी तीन भागांत करा आणि तिन्ही भागांना वेगळी इमारत द्या. पहिला भाग बाधितांचा. दुसरा संपर्कात आलेल्यांचा आणि अहवालाची वाट पाहणाऱ्यांचा. तिसरा, जे आज ठणठणीत आहेत पण आजार झाला तर वाचणार नाहीत अशांचा: पासष्टीच्या पुढचे, मधुमेही, दम्याचे, किडनीचे, गरोदर बायका. लंडनमध्येही बाधितांची आणि जपायच्या लोकांची हॉटेलं वेगळी ठेवली होती. वर्गवारी करणाऱ्यांत 'फाइंड अँड ट्रीट' हे पथक होतं. हे मूळचं टीबीचं पथक. एक्स-रेची गाडी घेऊन बेघरांच्या अड्ड्यांवर फिरायची त्यांची जुनी सवय. कोण कुठल्या पुलाखाली झोपतो हे त्यांना साथीच्या आधीपासून ठाऊक होतं. तुमच्या शहरात असं पथक कोणतं, ते आजच शोधून ठेवा. आपल्याकडे बहुधा तेही टीबीचंच निघेल.

इंग्लंडने एक पाऊल पुढे टाकलं. २६ मार्च २०२० ला सरकारने सगळ्या कौन्सिलांना कळवलं की त्या आठवड्याअखेरपर्यंत रस्त्यावर झोपणारा प्रत्येक जण आत आला पाहिजे. कोणाच्या व्हिसाची स्थिती काय, कोण सरकारी मदतीला पात्र, हे सुरुवातीला बाजूला ठेवलं गेलं. 'एव्हरीवन इन' नावाने ओळखल्या गेलेल्या या मोहिमेत मे महिन्यापर्यंत साडेचौदा हजारांहून जास्त लोकांची तात्पुरती सोय झाली. हॉटेलं आणि निवाऱ्यांतली बाकी खबरदारी मिळून पहिल्या लाटेत बेघरांमधले २६६ मृत्यू टळले, असा गणिती अंदाज पुढे 'लॅन्सेट'च्या श्वसनरोगांवरील नियतकालिकात छापून आला. पात्रतेची चाळणी जितकी बारीक, तितके दिवस माणूस रस्त्यावर, हे माझं मत या आकड्याच्या आधीपासूनच आहे.

पैसे परत मिळतील अशा नोंदी पहिल्या रात्रीपासून

कॅलिफोर्नियाला फेमा या केंद्रीय आपत्ती संस्थेकडून खर्चाचे ७५ टक्के मिळणार होते. पण ते ठरावीक गटांसाठीच: बाधित, संपर्कातले, आणि वयामुळे किंवा आजारामुळे धोक्यात असलेले. जानेवारी २०२१ मध्ये बायडन प्रशासनाने हा वाटा १०० टक्के केला. तरीही २०२३ च्या अखेरीस वीस दिवसांपलीकडच्या मुक्कामाचा खर्च धरायचा की नाही यावरून फेमा आणि शहरं यांच्यात जुंपलीच. यातून कारकुनी काम काय ते समजून घ्या. प्रत्येक माणसामागे प्रत्येक रात्रीची एक ओळ हवी: खोली क्रमांक, आत आल्याची तारीख, कोणत्या कारणासाठी पात्र, ते कारण कोणी तपासलं, बाहेर पडल्याची तारीख. तीन वर्षांनी ऑडिटवाला आला की 'तेव्हा गडबड होती' हे उत्तर चालत नाही.

ताब्यात घेण्याचे अधिकार कागदावर असतातच. न्यूसम यांनी मार्च २०२० मध्येच हॉटेलं सक्तीने घेण्याची मुभा देणारा आदेश काढला होता. आपल्याकडे आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चं कलम ६५ इमारती अधिग्रहित करू देतं आणि कलम ६६ त्याची भरपाई द्यायला लावतं. मुंबई-पुण्यात २०२० साली हॉटेलं डॉक्टरांसाठी आणि विलगीकरणासाठी वापरली गेलीच. तरी सक्ती शेवटची ठेवा. नाखूश मालकाच्या इमारतीत लिफ्ट बंद पडली की ती बंदच राहते.

कोणतं हॉटेल घ्यायचं

तारे मोजू नका. अमेरिकेत सगळ्यात कामाची ठरली ती हायवेकडेची दोन मजली मोटेलं. तिथे खोलीचं दार थेट उघड्या गॅलरीत उघडतं, मधला बंद कॉरिडॉर नाही, लिफ्टमध्ये गर्दी नाही आणि प्रत्येक खोलीचा एसी भिंतीतला स्वतंत्र. राज्याने मोटेल सिक्स या साखळीशी करार केला तो ४७ ठिकाणच्या ५,०२५ खोल्यांचा. एका सहीत एवढ्या खोल्या मिळतात, म्हणून साखळीशी बोलणं सोपं. पण अशा कित्येक मोटेलांचे प्रत्यक्ष मालक भारतीय वंशाचे, बहुतेक गुजराती कुटुंबं, कधी त्याच आवारात राहणारी. त्यांच्याशी वेगळं बसावंच लागतं, कारण आजार त्यांच्या स्वतःच्या उंबऱ्याशी येणार असतो.

पाहणीला जाल तेव्हा खोली सजवलेली दाखवतील. तुम्ही खिडकी उघडते का ते बघा. बऱ्याच उंच हॉटेलांत ती उघडतच नाही. मग हवा कुठून येते, एसीची नळी दोन खोल्यांत सामाईक आहे का, विचारा. धुलाई आत होते की बाहेर? रॅम्प आहे का, व्हीलचेअर बाथरूमच्या दारातून आत जाते का? इथे टेप घेऊन मोजा, शब्दावर जाऊ नका. रस्त्यावर वर्षानुवर्षं काढलेल्या पन्नाशीच्या माणसाचे गुडघे सत्तरीचे असतात आणि टबात पाय टाकून आंघोळ त्याला जमत नाही. मोबाइलला रेंज आहे का तेही बघा, कारण डॉक्टर फोनवरच भेटणार आहे.

शक्यतो अख्खी इमारत घ्या. निम्म्यात प्रवासी आणि निम्म्यात तुमची माणसं, या मांडणीत दोघांनाही अवघडल्यासारखं होतं आणि जरा काही घडलं की प्रकरण पेपरात जातं.

करारनाम्यात काय लिहून घ्याल

मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ही माणसं नंतर बाहेर निघतील ना? कॅलिफोर्नियात तीस दिवसांहून जास्त राहिलेल्याला भाडेकरूचे हक्क लागू होऊ शकतात. ते टाळायला काही मोटेलवाले अठ्ठाविसाव्या दिवशी गिऱ्हाइकाला बाहेर काढून पुन्हा आत घेतात, आणि हा खेळ तिथे बेकायदा आहे. तेव्हा करार मालक आणि सरकारी यंत्रणा यांच्यात हवा. राहणाऱ्याशी वेगळा कागद, त्यात तो कार्यक्रमाचा लाभार्थी आहे, किती दिवसांची नोटीस मिळेल आणि तक्रार कुठे करायची हे साध्या भाषेत. लिव्ह अँड लायसन्सवर अख्खं पुणं-मुंबई राहतं, त्यामुळे आपल्या वाचकाला हा फरक उलगडून सांगायला नको.

दुसरा मुद्दा नुकसानीचा. लॉस एंजेलिसच्या मेफेअर हॉटेलचं उदाहरण बघा. रूमकी संपल्यावर इमारतीच्या नुकसानीपोटी शहराला मालकाला एक कोटी डॉलरहून जास्त द्यावे लागले. पुढे २०२३ मध्ये शहराने तेच हॉटेल सहा कोटी डॉलरला विकत घेतलं. यावर उपाय जुनाच आहे: ताबा घेण्याआधी खोलीनिहाय पंचनामा. गालिच्यावरचा डाग, टीव्हीची काच, नळाची गळती, सगळ्याचा तारखेसह व्हिडिओ आणि दोन्ही बाजूंच्या सह्या. दर महिन्याला एक फेरी मालकाच्या माणसाबरोबर. लहान दुरुस्त्या तिथल्या तिथे करायला एक मिस्त्री कराराचाच भाग करून घ्या. गळणारा नळ तीन आठवडे तसाच राहिला की खालच्या खोलीचं छत जातं आणि बिल मात्र वरच्या माणसाच्या नावाने फाटतं.

माणसं

या कामात सगळ्यात जास्त खर्च आणि सगळ्यात जास्त डोकेदुखी माणसांचीच आहे.

शंभर खोल्यांच्या हॉटेलाला तीन पाळ्यांत माणसं लागतात. रिसेप्शनवर कोणीतरी जागं हवं, गेटवर सिक्युरिटी, दिवसा नर्स आणि रात्री फोनवर डॉक्टर, कागदपत्रं व पुढच्या घराचं बघणारे समाजकार्यकर्ते, जेवण वाटणारे, सफाईवाले. हॉटेलचा स्वतःचा कर्मचारी पाहुणचारात तयार झालेला असतो. ओरडणाऱ्या माणसाला शांत कसं करायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं, आणि बाधितांच्या खोलीत त्याला पाठवणं गैर आहे. वापरलेल्या चादरी राहणाऱ्यानेच पिशवीत बांधून दाराबाहेर ठेवायच्या, हा नियम सोपा आहे आणि चालतो. खोली रिकामी झाल्यावर जमेल तितका वेळ, शक्यतो एक दिवस, ती उघडी टाकून मग साफ करायची.

इतकी माणसं आणायची कुठून? सिएटलमध्ये डीईएससी या संस्थेने आपला गजबजलेला निवारा जसाच्या तसा, कर्मचाऱ्यांसकट, रेंटन उपनगरातल्या रेड लायन हॉटेलात हलवला. मला हा मार्ग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. राहणाऱ्यांना चेहरे ओळखीचे, कर्मचाऱ्यांना कोणाला रात्री फिट येते ते माहीत. सिएटल ज्यात येतं त्या किंग काउंटीतल्या अशा स्थलांतरांचा वॉशिंग्टन विद्यापीठाने अभ्यास केला तेव्हा दिसलं की भांडणं घटली, आणीबाणीचे फोन कमी झाले आणि लोक झोपू लागले. स्वतःच्या दाराला आतून कडी असली की माणूस झोपतो. त्याला वेगळं संशोधन लागत नाही खरं तर, पण पैसे मंजूर करणाऱ्यांना लागतं.

आत येण्याचा दिवस

कॅलिफोर्नियातले कार्यकर्ते तीन गोष्टी मोजतात: जोडीदार, जनावर आणि सामान. यांतली एकही मागे सोडायला सांगितली की माणूस नकार देतो, आणि मग 'त्यांनाच आत यायचं नाही' असं वर लिहून पाठवलं जातं. व्हॅन दारात थांबते. उतरणाऱ्याकडे दोन काळ्या पिशव्या, गुंडाळलेलं अंथरूण आणि दोरीला बांधलेला कुत्रा असतो. त्या क्षणी रिसेप्शनवर 'कुत्रा चालणार नाही' असं ऐकू आलं तर महिनाभर त्याच्याशी बोलून जोडलेला विश्वास तिथेच संपला. म्हणून आधीच ठरवा: तळमजल्याच्या काही खोल्या कुत्रेवाल्यांना, न मावणाऱ्या सामानाला चिठ्ठी लावून कुलूपबंद खोली, जोडप्याला एकच खोली आणि लग्नाचा दाखला मागायचा नाही.

ओळखपत्र नसेल तरी आत घ्या. ते काढून देणं हे आतलं काम आहे, दारातली अट नाही. आपल्याकडे आधार नसल्याने रेशन अडतं, बँक खातं अडतं. निवाराही अडवायचा का?

पहिल्या संध्याकाळी फार प्रश्न विचारू नका. औषधं कोणती चालू आहेत, शेवटचा डोस कधी घेतला, काही झालं तर कोणाला कळवायचं, एवढं पुरे. आंघोळ, जेवण आणि झोप झाल्यावर दुसऱ्या दुपारी माणूस जास्त खरं बोलतो.

जेवण

दिवसातून तीन वेळा दारात डबा. खोलीत शेगडी नसते, असलाच तर मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज. हॉटेलचं स्वयंपाकघर बंद असलं तर बाहेरून घ्या. कॅलिफोर्नियात बंद पडलेल्या रेस्टॉरंटांना हे काम मिळालं आणि त्यांच्या चुलीही पेटत्या राहिल्या. मेनू ठरवणाऱ्याला एकदा तरी वाटपाला पाठवा. डब्यात अख्खं सफरचंद जातं आणि तसंच परत येतं, कारण समोरच्याला दातच नाहीत. मधुमेह्याला सकाळी गोड पाव आणि रस मिळतो. मऊ जेवण, कमी साखरेचं जेवण, मांस नसलेलं जेवण अशा तीन रंगांच्या चिठ्ठ्या डब्यांवर लावल्या की निम्म्या तक्रारी मिटतात. परत आलेले डबे मोजा. आणि डबा दारात तसाच पडलेला दिसला तर दार वाजवा.

नियम, आणि बंद दारामागचा धोका

हे दार वाजवणं का, ते सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोत २०२० साली अमली पदार्थांच्या अतिसेवनाने सातशेच्या आसपास माणसं गेली. कोविडने त्या वर्षी तिथे गेलेल्यांहून कितीतरी जास्त. रस्त्यावर कोणी निळं पडलं तर शेजारचा बघतो. खोलीत एकटा असलेला दिसत नाही. विषाणूपासून वाचवणारं दार इथे उलटं फिरतं. त्यामुळे प्रत्येक मजल्यावर नॅलोक्सोन, म्हणजे अफूसारख्या अमली पदार्थांच्या अतिसेवनावरचं उताऱ्याचं औषध, हवं आणि ते वापरता येणारा माणूस प्रत्येक पाळीत हवा. दिवसातून किमान दोनदा 'ठीक आहे ना?' विचारत फेरी, आणि उत्तर आलं नाही तर किती मिनिटांत दार उघडायचं हे लिहून ठेवलेलं. एकदम दारू तोडल्याने जीव जाऊ शकतो; म्हणून सॅन फ्रान्सिस्कोने विलगीकरणातल्या व्यसनी लोकांना वैद्यकीय देखरेखीखाली मोजून दारू दिली. त्यावरून टीकेचा भडिमार झाला. पण माणूस बाटलीसाठी ताप घेऊन बाहेर पडणार असेल, तर डॉक्टरांनी मापाने दिलेली बरी असं मी म्हणेन. आपल्या शहरात हे उघडपणे करता येईल का, याबद्दल मी आशावादी नाही. निदान व्यसनाची नोंद घ्या आणि औषधं तरी हाताशी ठेवा.

बाकी नियम जितके कमी तितके बरे. रूमकीच्या कित्येक ठिकाणी रात्रीची बंदी, पाहुण्यांना मनाई, आत-बाहेर जाताना झडती असे नियम होते. राहणाऱ्यांची तक्रार एकच असायची की हे तुरुंगासारखं आहे. काही जण त्यापायी परत तंबूत गेले. आजार पसरू नये यासाठी लागणारे नियम ठेवा. शिस्त लावण्यासाठीचे सोडा. धूम्रपानाला उघड्यावर जागा द्या, नाहीतर बाथरूममध्ये ओढतील आणि आगीचा अलार्म रात्री दोनला वाजेल.

शेजारी

लॉस एंजेलिसजवळच्या नॉर्वॉक शहराने मोटेलांचा असा वापर थांबवणारा ठराव केला आणि काउंटीला कोर्टात जावं लागलं. न्यूयॉर्कमध्ये अप्पर वेस्ट साइडच्या लुसर्न हॉटेलात जुलै २०२० मध्ये पुरुषांच्या निवाऱ्यातले लोक हलवल्यावर महिनोन् महिने भांडण चाललं. एक गट त्यांना घालवायला, दुसरा ठेवून घ्यायला. विरोध टळत नाही. लपूनछपून केलं की मात्र तो दुप्पट होतो. नगरसेवकाला आदल्या दिवशी फोन, शेजारच्या सोसायट्यांना एक पानी पत्र, चोवीस तास उचलला जाईल असा एक नंबर. नंबर खरंच उचलला गेला पाहिजे, हे वेगळं सांगतो कारण बहुतेक ठिकाणी घोडं तिथेच अडतं.

निघण्याची तारीख पहिल्याच दिवशी

रूमकीतून राज्यभरात ६० हजारांहून जास्त लोक गेले. त्यांतल्या साधारण पाचांपैकी एकालाच पुढे कायमचं घर मिळालं; बाकीचे निवाऱ्यात, नातेवाइकांकडे किंवा परत फुटपाथवर. लॉस एंजेलिसमधल्या एको पार्क तलावाकाठची बेघरांची वस्ती मार्च २०२१ मध्ये उठवून तिथल्या अनेकांना हॉटेलांत नेलं. वर्षभराने यूसीएलए या तिथल्या विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १८३ जणांचा माग काढला तेव्हा दीर्घ मुदतीच्या घरात १७ जण सापडले.

हे आकडे चांगले नाहीत. पण ज्यांनी आधीपासून विचार केला त्यांचं वेगळं झालं. कॅलिफोर्नियाने जुलै २०२० मध्ये ६० कोटी डॉलरचा 'होमकी' काढला, त्यात हॉटेलं भाड्याने न घेता विकतच घ्यायची होती. वर्ष संपेपर्यंत ९४ प्रकल्पांतून सहा हजारांच्या आसपास घरं उभी राहिली, कारण इमारत आधीच तयार होती. फक्त छोटं स्वयंपाकघर बसवायचं. त्यामुळे पहिल्या करारातच विकत घेण्याचा पर्याय आणि त्याची किंमत ठरवण्याची रीत लिहून घ्या. साथ ओसरली, पर्यटक परतले की तोच मालक फोन उचलत नाही.

आपल्याकडे याचं रूप वेगळं असेल. २०११ च्या जनगणनेत देशात १७.७ लाख बेघर मोजले गेले, आणि शहरी उपजीविका अभियानाचा नियम लोकसंख्येच्या दर लाखामागे एक निवारा, माणशी ५० चौरस फूट असा होता. हॉटेल विकत घेणं महापालिकेला झेपणार नाही, पण बंद पडलेलं लॉज दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेऊन निवारा करता येतो. तेही त्याच करारात लिहा.

बंद करताना मजल्यामजल्याने करा, एका दिवशी सगळं नको. प्रत्येकाला तीस दिवस आधी लेखी सांगा. ज्याचं पुढचं ठिकाण ठरलेलं नाही त्याची खोली शेवटी सोडा. हातात द्यायच्या वस्तू: ओळखपत्राची मूळ प्रत आणि झेरॉक्स, महिन्याची औषधं व चिठ्ठी, चार्ज केलेला फोन, ठेवलेल्या सामानाची पावती जुळवून दिलेलं सामान, आणि त्याच्या कार्यकर्त्याचं नाव व नंबर. दोन आठवड्यांनी फोन करा, लागला नाही तर नव्या पत्त्यावर माणूस पाठवा. खोलीचा शेवटचा पंचनामा मात्र माणूस गेल्यावर करा, त्याच्या देखत नको.